नोंदवहीतलं नाव

एप्रिल १९१९. लंडनचा ट्रफाल्गर चौक. एग्लंटाइन जेब नावाच्या एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात पत्रक देतायत. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या एका उपाशी बाळाचा फोटो. महायुद्ध थांबून पाच महिने झालेत, पण ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांनी शत्रूच्या देशांत माल जाऊ नये म्हणून घातलेली नाकेबंदी उठलेली नाही. हरलेल्या देशांतल्या मुलांची उपासमार चालूच आहे.

सेन्सॉरच्या परवानगीशिवाय पत्रकं वाटली म्हणून जेबबाईंना अटक झाली. पाच पौंड दंड झाला. मूल शत्रूच्या देशातलं असलं, तरी उपाशी मूल ते उपाशी मूलच, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्यांनी पुढे मुलांच्या हक्कांवर पाच कलमांचा एक मसुदा लिहिला. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या देशांच्या संघटनेने, १९२४ साली तो स्वीकारला. भुकेल्याला खायला द्या. आजाऱ्याची शुश्रूषा करा. संकटात पहिली मदत मुलांना पोचवा. ‘पहिली’ हा शब्द नीट ऐका. रांगेत मोठी माणसं मागे, असा त्याचा अर्थ.

तरीही हे सगळं मोठ्यांनी करायचं कर्तव्य होतं. मूल स्वतः हक्कदार आहे, हे करारात बांधून घ्यायला १९८९ साल उजाडलं. त्या वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार संमत केला. त्यात ५४ कलमं आहेत. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अजून मान्यता दिलेली नाही. बाकी जवळजवळ सगळं जग या कराराला बांधलेलं आहे.

या ५४ कलमांमधलं सातवं कलम सहसा कुणाच्या भाषणात येत नाही. मूल जन्मलं की लगेच त्याची नोंद झाली पाहिजे, त्याला नाव मिळालं पाहिजे, असं ते सांगतं. वाचायला अगदी रुक्ष.

पण नोंदच नसेल तर?

तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावताना ती अठराची आहे असं सांगितलं, तर खोडून काढणार कशाने? खाणीत उतरवलेला मुलगा अजून लहान आहे, हे दाखवणार कुठल्या कागदावर? हातात बंदूक दिलेल्या पोराला सैन्यातून सोडवायचं, तर आधी त्याचं वय सिद्ध करावं लागतं. कोर्टात उभं केलेल्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवायचं की नाही, हे कधीकधी मनगटाच्या एक्स-रेवरून ठरवतात, आणि त्या अंदाजात दोन वर्षांचाही फरक पडू शकतो. एखाद्याचं अख्खं बालपण त्या दोन वर्षांत हरवून जातं.

युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही. आईबाप बेफिकीर असतात म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. कचेरी दूर असते, फी परवडत नाही, दिवसाची मजुरी बुडते. काही ठिकाणी बापाशिवाय आलेल्या आईला परत पाठवतात. आणि घर सोडून पळालेल्या कुटुंबाला तर सरकारी दाराशी जायचीच भीती वाटते.

उपाय अवघड नाही. पालकांनी नोंदीकडे जाण्याऐवजी नोंद त्यांच्याकडे यायला हवी. रवांडाने २०२० पासून आरोग्य केंद्रातच नोंदणी सुरू केली. बाळ जन्मतं तिथेच, आई घरी जायच्या आत, त्याचं नाव लिहिलं जातं.