न थांबणारं बी

[दृश्य : सिंधुदुर्गातली खाडी, ओहोटीची वेळ. कांदळाची फांदी जवळून.]

पाण्यावर वाकलेल्या या फांदीला हिरव्या, लांबसडक शेंगा लागल्यासारख्या दिसतात. पण या शेंगा नाहीत. वरचा तपकिरी, चामट भाग दिसतोय ना, ते फळ. आणि त्याची साल भेदून खाली उतरलेला हा दांडा म्हणजे आतल्या बीचं रोप. बी जमिनीवर पडलेलंच नाही. ते झाडावर रुजलं, आईच्या अन्नपाण्यावर वाढलं आणि आता दीड फुटाचं होऊन तिथेच लोंबतंय.

वनस्पतिशास्त्रात याला व्हिव्हिपरी म्हणतात. पिल्लांना जन्म देणाऱ्या प्राण्यांना आपण जरायुज म्हणतो, तोच शब्द इथे झाडासाठी.

हे वेगळं का, ते कळायला आधी साधं बी पाहू.

[दृश्य : कणगी, ओंजळीत ज्वारीचे दाणे.]

ज्वारीचा दाणा भरतो, मग वाळतो. आतला गर्भ जिवंत असतो, पण त्याची वाढ थबकलेली असते. ही थबकलेली अवस्था राखण्यात ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा मोठा हात असतो. कणगीतलं बियाणं पुढच्या पेरणीपर्यंत टिकतं ते या विश्रांतीमुळे. शेतीचा सगळा डोलारा बीच्या या थांबण्यावर उभा आहे.

कांदळाचं बी थांबतच नाही. गर्भ तयार होतो, तो सुकत नाही, झोपत नाही, सरळ वाढू लागतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा खारफुटींच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या, गर्भात ॲबसिसिक आम्लाचं प्रमाण आईच्या ऊतींपेक्षा कमी आढळलं. माझ्या मते या संज्ञेचा गाभा इथे आहे. बी आईला चिकटलेलं असतानाच रुजतं, कारण मधली विश्रांती गळून गेलेली असते.

[दृश्य : भरती. पाण्यावर आडवी तरंगणारी रोपं.]

पिकलेलं रोप फळातून सुटतं. ओहोटी असेल तर खालच्या चिखलात रुतूही शकतं. पण प्रत्येक रोप असं उभं रोवलं जातं, ही समजूत खरी नाही. पुष्कळ रोपं पाण्याबरोबर निघून जातात. आधी आडवी तरंगतात, मग मुळाकडचं टोक जड होऊन उभी होतात. असा आठवडेच्या आठवडे प्रवास करून कुठेतरी टेकली, की मुळं धरतात.

हे कशासाठी? खारट, प्राणवायू नसलेल्या, दिवसातून दोनदा बुडणाऱ्या चिखलात नाजूक बी रुजणं अवघड. तिथे तयार रोपच पाठवलेलं बरं. हे उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही.

[दृश्य : चिपीची फुलं आणि गोल फळ.]

ही चिपी. 2020 मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य खारफुटी वृक्ष ठरवलं. तीही त्याच चिखलात उभी राहते, तेच खारं पाणी पिते, तरी तिच्या फळात साध्या, बारीक बिया असतात आणि त्या फळ फुटल्यावरच रुजतात. म्हणजे खारफुटी आणि व्हिव्हिपरी यांना एकच समजणं चूक आहे.

तिवर या आणखी एका खारफुटीची तऱ्हा निराळीच. त्याचा गर्भ बीच्या आवरणाबाहेर येतो, फळाच्या सालीबाहेर मात्र येत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. फळ पाण्यात पडतं, साल सुटते, आणि आत घडी घातलेल्या जाड बीजदलांचं तयार रोप निघतं. याला गुप्त व्हिव्हिपरी म्हणतात.

[दृश्य : कोकणातलं आडवं झालेलं भात. लोंबीवर पांढरे कोंब.]

हीच संज्ञा आता शेतात येते. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ घोंगावत होतं, तेव्हा कापणीला आलेलं भात कोकणात भिजून आडवं झालं आणि लोंबीतल्या दाण्यांना कोंब फुटले. ज्या जातींच्या बीला विश्रांती कमी, तिथे हा धोका जास्त. उपट्या भुईमुगाच्या शेंगाही काढणी लांबली आणि जमीन ओली राहिली तर मातीतच रुजतात. कांदळाला जे पिढ्यान्‌पिढ्या साधलंय, ते भातावर आलं की शेतकऱ्याच्या हातचं पीक जातं. शब्द एकच वापरतात, पण एक झाडाची रीत आहे, दुसरं पिकावरचं संकट, हा फरक विसरता कामा नये.

मक्यात तर याचे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, प्रकारच सापडले, कणसावर रुजणाऱ्या दाण्यांचे. काहींत ॲबसिसिक आम्ल पुरेसं बनत नाही, काहींत ते असूनही गर्भ त्याला दाद देत नाही. बीला झोपवतं कोण, हे कळायला याच मक्याची फार मदत झाली.

[दृश्य : माळावरची घायपात, उंच दांड्यावर लगडलेली पिल्लं.]

आणि इथे सावध राहायचं. घायपातीच्या दांड्यावरही रोपं लगडतात, पण ती बीतून आलेली नाहीत. त्या कळीसारख्या कंदिका, हुबेहूब आईच्याच प्रती. ही आभासी व्हिव्हिपरी. घोळ जुना आहे: वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 मध्ये एका वनस्पतीला पॉलिगोनम व्हिव्हिपेरम नाव दिलं, तीही कंदिकांनीच पसरते. खऱ्या व्हिव्हिपरीत फलन झालेलं असतं, रोप नव्या पिढीचं असतं.

[दृश्य : रोपवाटिका. पिशव्यांत उभी खोचलेली कांदळाची रोपं.]

रोपवाटिकेत हा सगळा फरक कामाला येतो. चिपीच्या बिया फळातून काढून पेराव्या लागतात. कांदळाला पेरणी नकोच, तयार रोप चिखलाच्या पिशवीत खोचलं की झालं. मात्र ते पिकलेलं हवं. फळ आणि दांडा यांच्यामध्ये पिवळसर कडं दिसू लागलं की ते अलगद सुटतं. कडं दिसत नसेल, तर ओढू नये. झाडावरच राहू द्यावं.