रस काळा का पडतो?

[पहाट. निपाणीजवळचं गुऱ्हाळ. चरकाची घरघर.]

हा पेला चरकाखालून आत्ताच भरलाय. रस हिरवट, वर पांढरा फेस. कॅमेरा हलवलेला नाही, फक्त वेळ पळवलीय. बघा, काळपटपणा वरून खाली उतरतोय.

चरक घाण असेल, असं पाहुणे म्हणतात. चरक पहाटेच धुतलाय.

उभ्या उसात फिनॉल नावाची रसायनं पेशीच्या एका कप्प्यात असतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. कांडं चिरडलं की दोघांची गाठ पडते, हवा तर तिथं असतेच. या विकराच्या पोटात तांब्याचे 2 अणू असतात, ते ऑक्सिजनला धरून ठेवतात. कॅटेकॉलसारख्या फिनॉलचे इलेक्ट्रॉन काढायचे आणि ऑक्सिजनच्या पदरात टाकायचे, एवढाच याचा उद्योग. 2 कॅटेकॉल आणि ऑक्सिजनचा 1 रेणू आत जातो, 2 क्विनोन आणि पाण्याचे 2 रेणू बाहेर पडतात. अशी देवघेव घडवणाऱ्या विकरांचं कूळ म्हणजे ऑक्सिडोरिडक्टेज. क्विनोन मात्र गप्प बसत नाहीत. एकमेकांना चिकटत तपकिरी, काळे होत जातात. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही असंच.

[दोन पेले शेजारी.]

उजवीकडच्या पेल्यात लिंबू पिळलंय. आंबटात विकराचा जोर ओसरतो, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनला मागे फिरवतं.

[काहील. वाफ.]

तात्या इथले गुळवे. त्यांना यातलं एकही नाव ठाऊक नाही, पण रस थांबलेला खपत नाही. “घ्या की लवकर काहिलीत!” उकळी फुटेपर्यंत विकर संपलेलं असतं, त्याआधी काळं झालेलं तसंच राहतं. मग भेंडीच्या झाडाचा चिकट रस पडतो, मळी वर येते, झाऱ्यानं काढतात. हे दृश्य आम्ही तीनदा टिपलं, मळी एवढी देखणी असते हे माहीत नव्हतं. गुळाच्या तपकिरी रंगात या कढण्याचाही वाटा आहे.

पिवळाधमक गूळ हवा म्हणून काही जण हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, टाकतात. रंग उडतो, सल्फर डायऑक्साइड मागं राहतो. दर पिवळ्यालाच चढा.

[वाफा. पाक ओतला जातो.]

तात्या थेंब पाण्यात सोडून बोटांनी वळून बघतात. पलीकडून कन्नड गडी ओरडतो, “बेल्ल आय्तु!”

“झाला बगा,” तात्या म्हणतात.