सोबत आणि पहारा

हे हॅमिल्टन. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. १९९४ साली इथं एक माणूस तुरुंगातून सुटून आला. गुन्हा लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, आणि तोही पहिलाच नव्हे. शिक्षा त्यानं शेवटच्या दिवसापर्यंत भोगली होती. त्यामुळे पॅरोल नाही, हजेरी नाही, नजर ठेवणारा अधिकारी नाही.

वस्ती हादरली. लोक फलक घेऊन रस्त्यावर आले, पोलिसांनी पाळत ठेवली. ज्यांच्या अंगणात मुलं खेळतात त्यांनी दुसरं काय करावं? मला त्यांची भीती खोटी वाटत नाही.

हॅरी नाय तिथल्या एका छोट्या मेनोनाइट मंडळीचे, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे, पाळक. तुरुंगातल्या भेटीगाठींमुळे ते या माणसाला आधीपासून ओळखत होते. त्यांनी मंडळीतली मोजकी माणसं त्याच्याभोवती उभी केली. यातूनच पुढे ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटॅबिलिटी’ ही पद्धत घडली. आधाराचं वर्तुळ, आणि जाब विचारणारंही.

या वर्तुळाचं काम साधं, पण चिवट. चार-सहा स्वयंसेवक. त्या माणसाचा गुन्हा त्यांना पूर्ण ठाऊक असतो, काहीही झाकलेलं नसतं. सुरुवातीला रोज कुणीतरी भेटतं किंवा फोन करतं, आठवड्याला सगळे एकत्र बसतात. घर शोधायला, डॉक्टरकडे जायला सोबत येतात. आणि तीच माणसं कॉफी पिता पिता विचारतात, “काल शाळेच्या रस्त्यानं का गेलास?” धोका दिसला तर ती गप्प बसत नाहीत, पोलिसांना कळवतात. हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. माया करणारा आणि पहारा देणारा माणूस एकच. मला या साऱ्यात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट घरोघरी सांगतात. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरलेले. वाल्याचा वाल्मीकी झाला, पण त्या खड्यांमागची घरं? त्यांच्याबद्दल गोष्ट काहीच बोलत नाही. हॅमिल्टनच्या मंडळींनी मात्र दोन वाक्यं शेजारी ठेवली: कुणीही टाकाऊ नाही, आणि आणखी एकही बळी नको.

कारण प्रार्थनेच्या बाकावर शेजारीच अशी एखादी बाई बसलेली असू शकते, जिचं बालपण कुणीतरी असंच ओरबाडलं. तिच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. अश्रू आणि पश्चात्तापाची साक्ष ऐकून मुलांच्या वर्गाची किल्ली हाती द्यायची, याला मी दया म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये अशा माणसाशी लेखी करार करतात: कोणत्या उपासनेला यायचं, कुठं बसायचं, सोबत कोण असेल. मुलांच्या कामापासून कायम दूर.

२००९ साली कॅनडातल्या एका अभ्यासात वर्तुळातले ४४ आणि वर्तुळाबाहेरचे ४४ सुटलेले गुन्हेगार ताडून पाहिले. वर्तुळातल्यांमध्ये लैंगिक गुन्हा पुन्हा घडण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांनी कमी निघालं. माणसं थोडी होती, म्हणून हा आकडा जपूनच वापरायला हवा.

हॅमिल्टनचा तो माणूस त्यानंतर दशकाहून अधिक काळ जगला. तसा गुन्हा त्याच्या नावावर पुन्हा लागला नाही. वर्तुळातली माणसं शेवटपर्यंत त्याच्याकडे जात राहिली. विचारपूस करायला, आणि विचारणा करायलाही.