लोकेशन बघायला नाही, ऐकायला जा

पहिलं हेच सांगतो, फिल्मच्या साऊंडचा विचार एडिटिंगला बसल्यावर करायचा नसतो, स्क्रिप्ट लिहितानाच करायचा असतो. आपल्याकडं कॅमेरा कुठला, लेन्स कुठली यावर आठवडाभर चर्चा चालते आणि माईक शूटच्या आदल्या रात्री आठवतो, मग कॅमेऱ्यावरच्याच माईकवर भागवतात. अरे, माईक आणि बोलणाऱ्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं पडतो आणि खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. त्यापेक्षा साधा लॅपल माईक, म्हणजे कॉलरला अडकवायचा छोटा माईक, मोबाईलला लावून मोबाईल अ‍ॅक्टरच्या खिशात टाका, कितीतरी बरं.

आता समजा सीन रस्त्याकडेच्या घरात आहे, आई आणि पोरगा बोलतायत, आणि शूट डिसेंबरात. आपल्या सांगलीत म्हणजे ऊसाचा सीझन, ट्रॅक्टर चाललेत ट्रॉल्या भरून, वर गाणी फुल्ल. आईचं वाक्य पहिल्या टेकमधनं घेतलं, पोराचं तिसऱ्यातनं, तर कट मारला की मागचं गाणं धृपदावरनं थेट कडव्यात जातं. नॉईज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरनं गोंगाट कमी करणं, जास्त मारलं तर माणसं पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यासारखी वाटतात, आणि वर ते गाणं कुणाच्यातरी मालकीचं असतंच. म्हणून रेकीला, म्हणजे लोकेशन आधी बघायला, शूटच्याच वेळेला जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं बसा. पंखा, शेजारचा मिक्सर, शाळेची घंटा, सगळं लिहून काढा. फ्रीज बंद करायचा आणि बाईकची चावी त्यातच ठेवायची, म्हणजे जाताना परत चालू करायला विसरत नाही. सीन संपला की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प, एक मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचा, कटांमधल्या फटी त्यानंच भरतात. रेकॉर्डिंगचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, विषय संपला.

आणखी एक, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सांगलीत मराठी नाटक उभं केलं, त्या गावातले अ‍ॅक्टर तुम्हाला मिळणार, म्हणजे आवाज फेकणारे. रिहर्सलला हळू बोलतात आणि टेकला फुटतात, त्यामुळं रेकॉर्डिंगची लेव्हल सगळ्यात मोठ्यानं बोललेल्या वाक्यावर लावा, उणे 12 डेसिबलच्या आसपास.

म्युझिकचं बोलायचं तर मला मनापासून वाटतं की आपल्या पोरांनी रेडिमेड ट्रॅक शोधणं थांबवावं. शेजारी मिरज आहे! तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. सतारमेकर गल्लीत जाऊन जवारी लावताना एकदा ऐका, कारागीर घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, कानशीनं किंचित घासतो, तार छेडतो, परत घासतो, आणि बोथट आवाज हळूहळू उघडत जातो, झणझणायला लागतो. एखाद्याच्या मनाची घालमेल दाखवायला एवढं पुरतं, वर व्हायोलिन ओतायची गरज नाही. फक्त आधी विचारा, रेकॉर्डरला हेडफोन लावून ऐका आणि क्रेडिटमध्ये त्यांचं नाव घाला.

राग कुणाच्या मालकीचा नसतो, पण रेकॉर्डिंग असतं. आपल्याकडं रेकॉर्डिंगचा कॉपीराईट प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं आणि रचनेचा रचनाकार गेल्यानंतर 60 वर्षं. म्हणून आजीच्या वेळची रेकॉर्ड आहे, काय होतंय, असं म्हणून चालत नाही. वर्गातली एखादी मैत्रीण गात असेल तर तिच्याकडनं गाऊन घ्या, पण मैत्री आहे म्हणून सोडू नका, परवानगी कागदावर तिच्या सहीनिशी घ्या आणि ती शूटच्या आधी घ्या, कारण फिल्म फेस्टिवलला पाठवताना तो कागद मागतात आणि तोवर मैत्रीण पुण्याला नोकरीला गेलेली असते.