गाळाखालचा डोंगा

(दृश्य: पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, कोरडा तलाव. पोकलेन, ट्रॅक्टरची रांग, उडणारा फुफाटा.)

भंडारा जिल्हा, वैनगंगेचं खोरं. हा एक माजी मालगुजारी तलाव, गावाच्या तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांवर तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची जुनी पद्धत, गेली. तेव्हापासून यातल्या कितीतरी तलावांत गाळ साचतच राहिला. आता तो निघतोय आणि धानाच्या बांध्यांमध्ये पडतोय. काम चांगलंच आहे. बांधीला खत मिळतं, तलावात पाणी जास्त मावतं.

आता पोकलेनच्या बकेटकडे बघा. दाताला काहीतरी काळं अडकलंय.

चालकाला वाटलं, झाडाचं बुड असेल. पाळीवर बसलेल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, आबाजींनी मात्र लांबूनच ओळखलं.

(आबाजींचा आवाज: "थांबव रे बाप्पा! डोंगा हाय तो!")

बकेट थांबली, पण तोवर डोंग्याचं, म्हणजे खोड कोरून केलेल्या नावेचं, एक टोक तुटलं होतं.

(दृश्य: हाताने खोदकाम.)

इथून पुढं यंत्र बंद. आधी पावडं आणि घमेलं, मग लाकडाजवळ पोचल्यावर तेही बाजूला. बांबूच्या कामट्या, चिंध्या, तांब्यानं हळूहळू सोडलेलं पाणी आणि हात. कामटीच का, ते या चित्रात दिसतं. आबाजींच्या नातवानं लाकडावर नख टेकवलं आणि नख आत गेलं. बाहेरून शाबूत दिसणारं हे लाकूड ओल्या साबणासारखं मऊ झालंय. लोखंडाची धार लागली असती तर आतल्या बाजूच्या या खुणा पुसल्या गेल्या असत्या. नीट बघा, एकापुढं एक आडव्या खपल्या आहेत. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या सुताराच्या हत्याराचे, घाव आहेत ते. अख्खं खोड कोरून डोंगा करणाऱ्या माणसानं कुठून सुरुवात केली, कुठं हात फिरवला, कुठं लाकडात गाठ लागली म्हणून बाजूनं वळला, सगळं या घावांत आहे. ढिवरांच्या कारागिरीचा लिखित दस्तऐवज फारसा कुणी केला नाही. जो आहे तो असा, लाकडावर.

आणि हे ठिगळ. तळाला पडलेल्या भोकावर पत्र्याचा तुकडा, भोवती खिळे. खिळ्यांभोवतीचं लाकूड बाकीच्यापेक्षा गडद आहे. ते का, ते पुढं येईल.

लाकूड गाळात टिकतं कसं? विहिरी बांधणाऱ्या जुन्या माणसांना हा प्रश्न पडत नसे. विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायचं, ते पाण्यात कुजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दिल्लीतल्या निजामुद्दीन बावडीचा गाळ काढला तेव्हाही तळाशी जांभळाचंच लाकूड निघालं. गाळाखाली हवा पोचत नाही. बुरशी जगत नाही, उधई शिरत नाही. काही सूक्ष्म जिवाणू तेवढे हळूहळू लाकडातलं सेल्युलोज खात राहतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. म्हणजे आपल्यासमोर जे आहे, त्याचा आकार पाण्यानं धरून ठेवलाय. पाणी उडालं की पेशी आतल्या आत बसतात. मग लाकूड आक्रसतं, पिळतं, तडकतं.

(आबाजींचा आवाज: "पान्यात रायलं तं रायलं. भाईर काढलं का फाटते.")

आबाजींच्या या दोन वाक्यांवर जगभरातल्या प्रयोगशाळा उभ्या आहेत.

(दृश्य: छायाचित्रं, इस्तंबूल.)

तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात येनिकापी नावाचा भाग आहे. बॉस्फरसच्या खालून जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकासाठी तिथं २००४ साली खोदकाम सुरू झालं आणि रोमन सम्राट थिओडोसियसच्या नावाचं बंदर सापडलं. आता ते पार जमिनीत होतं, कारण लायकस नावाचा ओढा शतकानुशतकं त्यात गाळ आणून टाकत होता. त्या गाळातून एकामागोमाग एक ३७ लाकडी जहाजं निघाली, पाचव्या ते दहाव्या-अकराव्या शतकातली. एका जहाजात मातीचे रांजण जसेच्या तसे होते, आणि टोपलीत चेरीच्या बिया.

काम कसं चाललं ते बघा. जहाजावर आधी तंबू, म्हणजे ऊन लागू नये. वरून सतत पाण्याचे फवारे. मग प्रत्येक फळी पारदर्शक कागदावर मूळ मापात काढायची, तिला क्रमांक द्यायचा, सुटी करायची, पाण्याच्या हौदात ठेवायची. हौदातल्या पाण्यात पुढं पॉलिइथिलिन ग्लायकॉल मिसळायचं. हा मेणासारखा पदार्थ, जाणकार त्याला नुसतं पेग म्हणतात. तो लाकडात शिरून पाण्याची जागा घेतो आणि पेशी बसू देत नाही. शेवटी गोठवून, निर्वातात वाळवायचं. एका फळीला यात वर्षं जातात. रेल्वे सुरू व्हायला २०१३ उजाडलं.

वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात २००२ साली नाट्यगृहाचा पाया खोदताना पंधराव्या शतकातलं जहाज लागलं. पायाचे काही खांब तोवर त्याच्या अंगातून आरपार गेले होते. नोंद करून ते सोडून द्यायचं, असं घाटत होतं. गावचे लोक खड्ड्याच्या काठी येऊन उभे राहिले, सरकारला पैसे द्यावे लागले आणि जहाज वाचलं. त्याच्या कण्याच्या सांध्यात फ्रान्सचं चांदीचं नाणं निघालं, १४४७ सालचं. घराच्या पायात आपणही पैसा टाकतोच.

(दृश्य: व्हासा जहाज, स्टॉकहोम.)

हे व्हासा. स्वीडनच्या राजाची युद्धनौका, १६२८ साली पहिल्याच फेरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. १९६१ साली वर काढली. तिच्यावर १७ वर्षं पेग फवारलं आणि त्यानंतर ९ वर्षं तिला सावकाश वाळवलं. तरी २००० साली लाकडावर आम्लाचे डाग उमटले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं, त्याला लोखंडी खिळ्यांचा गंज भेटला आणि गंधकाम्ल तयार होऊ लागलं. म्हणून मग तिथले हजारो लोखंडी बोल्ट काढून गंज न धरणारे पोलादी बसवले. आपल्या डोंग्याच्या ठिगळाभोवती लाकूड गडद दिसतं तेही गंजामुळंच. लोखंड लाकडाला आतून खातं.

(दृश्य: परत तलाव. डोंगा बाहेर.)

आपल्याकडे पेग नाही आणि हौदही नाही. डोंगा दोरांनी ओढून पाळीजवळ आणला आणि तासाभरात तुटलेल्या टोकाला ही चीर पडली. मे महिन्याचं ऊन आहे हे. मग बायकांनी गोणपाटं आणली, पोरांनी घागरी आणल्या. ओली गोणपाटं, त्यावर पळसाच्या फांद्या, त्यावर पुन्हा पाणी.

ढिवर सोसायटीची या हंगामातली मासेमारी गाळाच्या कामामुळं गेली. पुढच्या वर्षी माशांचं बीज सोडायचं ठरलं आहे.

(दृश्य: मापं घेणारी मुलं.)

शाळेच्या पोरांनी टेप धरला, दर वितीला रुंदी आणि खोली मोजली आणि आलेखाच्या कागदावर डोंगा काढला. वाकसाच्या घावांचे फोटो तिरप्या उजेडात घेतले, म्हणजे सावली पडून घाव उठून दिसतात. लाकूड मोहाचं की सागाचं, यावर आबाजी आणि सुतार यांचं अजून जुळत नाही. तुटलेल्या टोकाचा नखाएवढा तुकडा ओल्या कापसात जपून ठेवलाय. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाची जात ओळखता येते.

कायद्याचंही सांगायला हवं. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तसा कायदा १८७८ पासून आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. गावानं तहसीलमध्ये अर्ज दिला आहे.

(दृश्य: बोडीत डोंगा बुडवताना.)

तोवर हा डोंगा गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सावलीच्या बाजूला, पाण्याखाली राहील. खाली पेंढ्याची गादी, वर गोणपाट, त्यावर बेतानं ठेवलेले दगड. बोडीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, म्हणून पाणी पाहण्याच्या पाळ्या लावल्या आहेत आणि यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहे. तुमच्या तलावाच्या गाळात काळं लाकूड दिसलं तर आधी यंत्र थांबवा, लाकूड ओलं ठेवा, आणि ओढून बाहेर काढण्याआधी मापं घ्या.