समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुमचं उत्तर तयार असतं

"चहा घेणार का?"
"हो, घेऊ की."

प्रश्न संपला आणि उत्तर सुरू झालं, यांच्यामधली फट किती? साधारण २०० मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा भाग, पापणी लवावी तेवढा.

आता दुसरा आकडा ऐका. मांजराचं चित्र दाखवून "हे काय?" विचारलं, तर "मांजर" हा एकच शब्द तोंडातून निघायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. आधी चित्र ओळखायचं, मग शब्द निवडायचा, त्याचे ध्वनी क्रमाने लावायचे आणि मग जीभ, ओठ, स्वरयंत्र हलवायचं. साधं वाक्य जुळवायचं तर दीड सेकंदाच्या आसपास जातो.

[पडद्यावर: ६०० आणि २००, दोन पट्ट्या एकाखाली एक]

६००चं काम २००मध्ये होतं, कारण ते आधीच सुरू झालेलं असतं. समोरचा बोलत असतानाच आपण ऐकतो आणि बोलायची तयारीही करतो. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी २०१५मध्ये लोकांना प्रश्न विचारत त्यांच्या मेंदूचा ईईजी (डोक्याला तारा लावून घेतलेली मेंदूतल्या विद्युत हालचालींची नोंद) काढला. उत्तराचा सुगावा देणारा शब्द कानावर पडल्यापासून सुमारे अर्ध्या सेकंदात तयारीच्या खुणा दिसल्या, प्रश्न अजून चालू असतानाच. आपल्याकडचं उदाहरण घ्या: "१६७४ साली रायगडावर ज्यांचा राज्याभिषेक झाला, त्या राजांचं नाव काय?" 'राज्याभिषेक' ऐकलं की नाव ओठावर येतं. पुढचे शब्द आपण फक्त संपायची वाट बघत ऐकतो.

पण वाक्य कधी संपणार, हे कसं कळतं? आवाजाच्या चढउतारावरून, असं वाटेल. डच संवादांवर २००६मध्ये झालेल्या प्रयोगात हा चढउतार सपाट केला, तरी ऐकणारे शेवट बरोबर ओळखत होते. शब्द अस्पष्ट केले तेव्हा मात्र अंदाज बिघडला. म्हणजे मुख्य आधार शब्दांचा आणि वाक्यरचनेचा.

इथे मराठीची गंमत बघा, मला हा भाग फार आवडतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, पण त्याची चाहूल आधीच लागते. "तो पोळी…" म्हटलं तर पुढे 'खातो', क्रियापदाचं रूप 'तो'प्रमाणे. "त्याने पोळी…" म्हटलं की एका 'ने'मुळे क्रियापदाचं रूप पोळीप्रमाणे होतं: खाल्ली, भाजली, आणली. कुठलं क्रियापद ते अजून माहीत नाही, पण शेवटी 'ई' येणार हे ठरलं. उलट "मी उद्या येणार…" इथे 'आहे' की 'नाही' ते अगदी शेवटच्या शब्दावर लटकतं. घाईत मध्येच तोंड घालणारा फसतो तो इथेच.

फट इतकी लहान असल्यामुळे ती वाढली की तिला अर्थ येतो. इंग्रजी फोन संभाषणांच्या अभ्यासात असं दिसलं, की ७०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलेल्या उत्तरांत नकाराचं, आढ्यावेढ्यांचं प्रमाण जास्त. "उद्या येशील ना?" नंतरची शांतता आपल्याला 'नाही' ऐकण्याआधीच कळते.

व्हिडिओ कॉल दमवतो, त्याचं हेही एक कारण. आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, अशी दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पुणे ते कॅलिफोर्निया, कमकुवत वायफाय, वर ब्लूटूथ हेडफोन (तोही स्वतःचा उशीर घालतोच), तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

तुमच्या कॉलचा उशीर घरीच मोजा. आधी दोघं एका खोलीत बसा. एकाने 'एक', दुसऱ्याने 'दोन', असं आळीपाळीने एकवीसपर्यंत मोजा. समोरचा आकडा कानावर आल्याशिवाय पुढचा म्हणायचा नाही. वेळ नोंदवा. मग हेच कॉलवर करा. घड्याळ 'एक' म्हणणाऱ्याकडेच हवं, 'एकवीस'ही तोच म्हणतो. दोन वेळांमधल्या फरकाला २०ने भागा, एका बाजूचा उशीर ढोबळमानाने मिळेल.

समजा खोलीत १२ सेकंद लागले, कॉलवर १८. फरक ६, भागिले २०, म्हणजे ३०० मिलिसेकंद. प्रश्न जायला ३००, उत्तर यायला ३००, वर नेहमीचे २००: एकूण ८००. मुलाने तिकडे क्षणात "हो आई" म्हटलेलं असतं, पण आईच्या कानाला ते नाइलाजाने दिलेलं 'हो' वाटतं. अशा कॉलवर वायरचा हेडफोन लावा, राउटरजवळ बसा आणि प्रश्न विचारल्यावर मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत दुसरा प्रश्न टाकू नका.