यंग इंडिया : वडाळ्याचा तबकड्यांचा कारखाना

मंडळी, 'यंग इंडिया' हे ग्रामोफोन तबकड्यांचं लेबल, म्हणजे ब्रँड, मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं. १९३५ ते १९५५ एवढंच तिचं आयुष्य. त्या काळात बरीच देशी लेबलं नावापुरती स्वतंत्र होती, तबकड्या कलकत्त्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीच्या (म्हणजे एचएमव्हीच्या) कारखान्यात छापून यायच्या. यंग इंडियाचा छापखाना मात्र स्वतःचा, वडाळ्याला. तिचं बळ तेच होतं, आणि माझ्या मते तिला तेच जड गेलं.

कसं ते सांगतो. गाणं आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई. त्या मेणावर विजेच्या आंघोळीत तांबं चढवायचं, त्यावरून 'मदर' ही मधली धातूची प्रत, आणि मदरवरून छापायचा साचा, म्हणजे स्टॅम्पर. एका तबकडीला दोन बाजू, म्हणजे दोन साचे. तबकडीचा माल म्हणजे चपडा लाख, दगडाची बारीक पूड आणि काळ्या रंगासाठी काजळी. त्याची गरम लादी दोन साच्यांमध्ये ठेवायची, वाफेच्या उष्णतेवर दाब द्यायचा, मग साच्यांमागून गार पाणी सोडायचं. पाणी लवकर बंद केलं की तबकडी वाकते. कागदी लेबल आधी भट्टीत सुकवलं नाही तर ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात. भोक जरा जरी बाजूला गेलं तर सूर हेलकावत राहतो.

आता हिशोब बघा. वीस वर्षांत साधारण १०,००० शीर्षकं. एका बाजूला एक धरलं तर आठवड्याला पाचेक नव्या तबकड्या. साच्यांचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना. खपणारे गायक मोठ्या कंपनीच्या करारात अडकलेले. यंग इंडियाकडे नवखे आणि हौशी कलाकार, बिगरफिल्मी गाणी, शैक्षणिक ध्वनिमुद्रणं. विविधता भरपूर, पण अशा मालाच्या प्रती त्या किती खपणार? बाहेरून छापून घेणारा मागणी नसेल तेव्हा गप्प बसू शकतो. ज्याच्या घरी बॉयलर आहे, त्याला तो पेटता ठेवावाच लागतो.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी नवी तबकडी, आली म्हणून कंपनी बुडाली, असं सर्रास सांगतात. ते पटत नाही. आपल्याकडे ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी यंग इंडियासारखी लाखेची तबकडी १९७०च्या आसपासपर्यंत निघत होती.

कमी प्रती निघाल्या, म्हणूनच आज या तबकड्या दुर्मिळ. हाती लागली तर स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात, लेबल मात्र कोरडं ठेवा. एलपीची बारीक सुई लावू नका, ती खाचेच्या तळाशी घासते. ७८साठीची जाड सुई घ्या. आणि ठेवताना उभ्या ठेवा, एकीवर एक रचल्या की खालच्या तडकतात.